जोडावर न जुळलेली फुलं

प्रश्न : ताई, माझी मुलगी उझबेकिस्तानात समरकंदला एमबीबीएस करते आहे. सुट्टीत घरी येताना तिने बुखाऱ्याहून हाताने भरलेली मोठी सुझनी, म्हणजे भरतकामाची चादर, आणली. पांढरट कापडावर तांबडी गोल फुलं, भोवती काळपट पानांचं कडं. दिवाणावर अंथरली तेव्हा दिसलं, की ती ५ पट्ट्या जोडून केलेली आहे आणि जोडावर फुलांचे अर्धे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. एका कोपऱ्यात तर पानाची नुसती शाईची रेघ आहे, दोरा भरलेलाच नाही. लेक फसली का? आमचे शिंपीकाका म्हणतात, उसवून सरळ करून देतो आणि ते पानही भरून देतो. द्यावी का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : देऊ नका. काकांकडे दिली असेल तर आजच परत आणा. लेक मुळीच फसलेली नाही. ज्या दोन गोष्टींनी तुम्हाला शंका आली, त्याच दोन गोष्टींसाठी मी अशी सुझनी दहा वेळा हातात घेऊन पाहीन.

सुझनी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे जोडाचा उलगडा होईल. तिकडचे घरगुती माग अरुंद. त्यावर साधारण फूट-सव्वा फूट रुंदीचं जाडंभरडं सुती कापड निघायचं. त्याला करबोस म्हणतात. आपला कापूस आणि त्यांचा करबोस एकाच ‘कर्पासा’चे. अशा चार-पाच-सहा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून आधी सैल धावदोऱ्याने टाचायच्या. मग गावातली कलमकश यायची. कलमकश म्हणजे नक्षी रेखणारी बाई. आपल्या ‘कशिदा’तला ‘कश’ आणि तिच्या नावातला ‘कश’ एकच, ओढणं, रेखणं. ती बोरूने आणि शाईने सगळी नक्षी एका सलग कापडावर काढावी तशी काढायची. त्यानंतर धावदोरा उसवायचा, पट्ट्या सुट्या करायच्या आणि घरातल्या बायकांमध्ये वाटून द्यायच्या. एक आईकडे, एक मावशीकडे, एक जिचं लग्न ठरायचं आहे तिच्याकडे. सगळ्यांच्या भरून झाल्या की पुन्हा जोडायच्या. मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी हे काम सुरू व्हायचं आणि वर्षानुवर्षं चालायचं.

आता सांगा, फुलाचा डावा अर्धा एकीने भरला आणि उजवा दुसरीने, तर तो तंतोतंत जुळेल कसा?

माझ्याकडची सुझनी आत्ता समोर टेबलावर आहे. तिच्या मधल्या जोडावर एक मोठं फूल आहे. डावीकडचे टाके तांदळाच्या कण्यांएवढे, घट्ट, एका चालीने गेलेले. लाल रंग पिकल्या डाळिंबाचा. जोड ओलांडला की टाका लांब होतो, दोरा जरा सैल पडतो आणि लाल किंचित शेंदराकडे झुकतो, कारण रेशीम दुसऱ्या घाण्यात रंगवलेलं. पाकळीची कड या बाजूला दोन दोरे वर चढली आहे. ज्या आजींकडून मी ती बुखाऱ्यात घेतली, त्यांनी अंगणात तुतीखाली बसून डाव्या अर्ध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा माझा. मग उजव्यावर ठेवलं : हा माझ्या जावेचा. सोबत आलेल्या विद्यार्थिनीने मला ते हिंदीत सांगितलं. जाऊबाई तेव्हा हयात नव्हत्या. तो जोड सरळ करायचा, तर कुणाचा हात मी पुसायचा?

याच आजींनी मला बस्मा टाका दाखवला. दोरा फुलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लांब आडवा टाकायचा आणि परत येताना त्याच दोऱ्याने त्याच्यावर बारीक तिरके टाके घेत तो कापडाला बसवायचा. वरून रेशमाची सपाट तकाकी दिसते, खाली दोरा फार वाया जात नाही. दुसरा नेहमीचा टाका युर्मा, म्हणजे साखळी. ब्लाउजवर आरीकाम करणाऱ्या आपल्या मुली ज्या हुकाच्या सुईने साखळी घालतात, तसल्याच सुईने.

राहिलेल्या पानाचं. ते विसरलेलं नसतं, मुद्दाम ठेवलेलं असतं. कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं पुरं निर्दोष काम देवाचंच. मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते आजींनी सांगितलेलं : घरातलं भरतकाम संपू नये, पुढच्या मुलीने सुई उचलावी. तुमच्या घरात एक मुलगी आहे. पान भरायचंच असेल तर तिला भरू द्या, शिंपीकाकांना नको.

प्रश्न : सुझनी उझबेकी की ताजिक? दुकानदार एक सांगतो, गाइड दुसरं.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघंही खोटं बोलत नाहीत. शब्द फारसी आहे. ‘सोझन’ म्हणजे सुई. बिहारची आणि भडोचची सुजनी हे नावही त्याच सुईवरून आल्याचं सांगतात, काम मात्र निराळं. बुखारा आणि समरकंद ही शहरं आज उझबेकिस्तानात असली, तरी तिथल्या कितीतरी घरांत ताजिक, म्हणजे फारसीच, बोलतात. १९२० पर्यंत बुखाऱ्यावर अमीर होता. सोव्हिएत राजवटीने १९२४ मध्ये भाषा आणि जमातींवरून सीमा आखल्या, १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळं प्रजासत्ताक केलं. घरात दोन भाषा बोलणारी माणसं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिली. खुजंद आणि इस्तरवशान ही सुझनीची जुनी गावं ताजिकिस्तानात आली, नुराता आणि शहरिसब्ज उझबेकिस्तानात.

उलटंही आहे. दक्षिण ताजिकिस्तानात लकाई नावाची तुर्की वंशाची उझबेक जमात आहे. मुळात पशुपालक. त्यांचं भरतकाम फुलवेलींचं नाहीच. मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं, ठसठशीत आकार, गडद रंग, आणि वस्तू लहान, तंबूत टांगायच्या. त्याच भागात कुलोबकडच्या ताजिक बायका ‘चकन’ भरतात, झग्याच्या छातीवर आणि बाह्यांवर दाटून फुलं. चकनला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. म्हणून वस्तू घेताना देश विचारू नका, गाव विचारा. मोठी तांबडी चक्रं आणि गडद पानं दिसली तर बहुधा समरकंदचं वळण. मध्ये तारा आणि चार कोपऱ्यांत चार झुपके असतील तर नुराता.

एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे ती सांगितल्यावाचून राहवत नाही. तिकडे निळा रंग ज्या निळीने चढायचा, ती हिंदुस्थानातून जायची. बुखाऱ्यात नीळ रंगवण्याचं काम प्रामुख्याने ज्यू रंगारी करत. लाल-पिवळ्याच्या तापत्या कढया ताजिक रंगाऱ्यांकडे असत. तांबडा मंजिष्ठेचा. नक्षी काढणारी एक, रंगवणारे दोन, भरणाऱ्या पाच. एका चादरीत इतकी माणसं असतात.

प्रश्न : हाताची की मशीनची, कसं ओळखायचं? आणि धुवायची कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उलटी करून पाहा. मशीनचे टाके एकसारखे आणि एकाच ताणाचे असतात, हाताच्या कामात मागे गाठी आणि रंग बदलल्याच्या जागा सापडतात. पुढून पाकळीच्या कडेला शाईची रेघ डोकावत असेल तर कलमकशचा हात तिथे आहे.

धुवायची घाई करू नका. मी माझा एक तुकडा विश्वासाने ड्रायक्लीनिंगला दिला आणि तांबडा उतरून पांढऱ्यात पसरला. तो डाग आजही मला पाहवत नाही. पांढरा सुती बोळा ओला करून मागच्या बाजूने प्रत्येक रंगावर दाबून पाहा. एकाही रंगाने बोळा डागाळला तर पाणी लावूच नका. जाळीचं कापड वर धरून व्हॅक्यूम क्लीनरने हलक्या हाताने धूळ ओढून घ्या. भिंतीवर लावायची असेल तर खिळे, क्लिपा नकोत. मागून वरच्या कडेला सुती कापडाचा लांब नेफा शिवा आणि त्यातून दांडी घाला, म्हणजे वजन सगळ्या पट्ट्यांवर सारखं पडेल. अस्तर असेल तर नेफ्याचे टाके अस्तर आणि करबोस दोन्हींतून घ्या, रेशमातून घेऊ नका.