रिव्ह्यू स्कोअर आणि डेटामुळे सगळे गेम एका छापाचे झालेत का?

प्रश्न असा आहे की गेम कंपन्या मार्केट डेटा आणि रिव्ह्यू स्कोअर बघूनच गेम बनवतात का, त्यामुळेच सगळं सारखं वाटायला लागलंय का, आणि मग गेम घेताना स्कोअर बघावा की नाही. मी पुण्यात एका मोबाईल गेम कंपनीत चारेक वर्षं लेव्हल डिझाईन केलंय (नाव नको), त्यामुळे थोडं वाचलेलं आणि थोडं स्वतःच्या हाताने केलेलं पाप, दोन्ही मिळून सांगते.

आधी स्कोअर. फॉलआउट: न्यू व्हेगस माहितीय ना, २०१० चा गेम, ऑब्सिडियन स्टुडिओने बेथेस्डा या पब्लिशरसाठी जेमतेम दीड वर्षात केलेला. रिलीजला बग्जचा नुसता बुजबुजाट, पण लिखाण असं की लोक आजही त्यातल्या कुठल्या पार्टीला साथ द्यायची यावरून भांडतात. ऑब्सिडियनला रॉयल्टी नव्हती, ठरलेले पैसे मिळणार, आणि बोनस मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या रिव्ह्यूंची शंभरपैकी सरासरी दाखवणारी साइट) ८५ पडले तरच. पडले ८४. हे २०१२ मध्ये त्यांच्याच डिझायनर ख्रिस ॲव्हेलोनने ट्विटरवर सांगितलं होतं. एका मार्काने डिस्टिंक्शन हुकावं तसं, आणि इथे तर पेपर तपासणारे पन्नास, त्यातल्या कोणाच्या मार्काला किती वजन हे मेटाक्रिटिक सांगत नाही. वर सिनेमाला तिथे ६१ ला हिरवा रंग (म्हणजे 'चांगला') मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात, का ते देव जाणे.

यात क्रिएटिव्हिटी कशी मरते तर साध्या ॲव्हरेजने. समजा एक विचित्र कल्पना आहे, दहातले सहा जण वेडे होऊन ९५ देतात आणि चौघे वैतागून ५०, झाले ७७. आणि दहाच्या दहा जणांना 'छान आहे' एवढंच वाटलं आणि सगळ्यांनी ८५ दिले तर बोनस. टीमचे पगार तुमच्या डोक्यावर असतील तर तुम्ही कुठला गेम कराल सांगा.

मोबाईलमध्ये आम्हाला मेटाक्रिटिक वगैरे काही नव्हतं, आमचा देव डॅशबोर्ड. आज इन्स्टॉल केलेले किती जण उद्या परत आले, कुठल्या लेव्हलला किती गळले, रोज सकाळी चहाच्या आधी ते. माझ्या एका लेव्हलमध्ये अचानक पाऊस यायचा आणि प्लेअरला एका टपरीच्या पत्र्याखाली थांबावं लागायचं, वीसेक सेकंद, काहीच करायचं नाही, पत्र्यावर पावसाचा आवाज आणि आतून एक आजोबा चहाचा ग्लास पुढे करायचे. ग्राफमध्ये बरोब्बर तिथे खड्डा. मीटिंग दहा मिनिटांत संपली. पाऊस काढला, टपरी ठेवली, टपरीवर टॅप केलं की कॉइन्स. आणि आकडा सुधारला, खोटं कशाला बोलू. पुढे कितीतरी महिन्यांनी मी सहज प्ले स्टोअरचे रिव्ह्यू चाळत होते तर दोघातिघांनी विचारलेलं, ते चहावाले आजोबा कुठे गेले. पण ते रिव्ह्यू होते चार-पाच स्टारचे, आणि आमच्या रिपोर्टमध्ये फक्त एक-दोन स्टारवाले यायचे, त्यामुळे ते कोणी वाचलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

पण म्हणून डेटा वाईट असं मी म्हणणार नाही, कारण पोर्टलचं उदाहरण समोर आहे (व्हॉल्व्ह, २००७). त्यात एका लेव्हलमध्ये एक डबा शेवटपर्यंत सोबत न्यायचा होता आणि प्लेटेस्टमध्ये (रिलीजआधी लोकांना खेळायला देऊन बघतात ते) लोक तो मागेच विसरून यायचे. आमच्याकडे असता तर डबाच उडवला असता. त्यांनी त्या डब्यावर गुलाबी हार्ट काढलं, त्याला कंपॅनियन क्यूब म्हटलं, आणि शेवटी तुमच्याच हाताने तो भट्टीत टाकायला लावला, लोक अजून हळहळतात. दोन्हीकडे माहिती तीच, की प्लेअर इथे अडकतोय. तो का अडकतोय आणि त्याचं काय करायचं हे ग्राफ सांगत नाही, ते डिझायनरलाच ठरवावं लागतं, आणि आमच्या त्या दहा मिनिटांत 'का' हा शब्द कोणी काढलासुद्धा नाही.

मार्केट डेटाचा अजून एक लोचा म्हणजे तो कालचा असतो. २०१६ ला ओव्हरवॉच तुफान चालला, मग सगळ्यांना त्याच्यासारखा हिरो शूटर (वेगवेगळ्या पॉवरवाल्या हिरोंच्या टीम एकमेकींवर गोळीबार करतात तसला गेम) हवा होता, आणि सोनीचा काँकॉर्ड येईपर्यंत उजाडलं २०२४. २३ ऑगस्टला रिलीज, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद, सगळ्यांचे पैसे परत. आमच्या गणपतीपेक्षा चारच दिवस जास्त टिकला.

राहिलं घेताना स्कोअर बघावा का. बघा की, पण नुसता आकडा बघून टॅब बंद करू नका. मी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) निगेटिव्ह रिव्ह्यू उघडते आणि त्यात कोण किती तास खेळलंय ते बघते. अर्ध्या तासात वैतागलेल्याचं सोडून द्या, पण २०० तास खेळून 'अजिबात घेऊ नका' लिहिणारा भेटला की मी सरळ कार्टमध्ये टाकते.