दापोलीकरांनी दयारा बुग्यालला जाताना पायांपेक्षा उंचीकडे बघावं

तुमचा प्रश्न असा की, रायगड सहज चढणाऱ्या साठीच्या बाबांना मे महिन्यात उत्तराखंडातल्या दयारा बुग्यालला (बुग्याल म्हणजे हिमालयातलं उंचावरचं कुरण) नेलं तर झेपेल का. झेपेल. पण मे सोडा आणि एक दिवस वाढवा.

रायगड ८२० मीटर, कळसूबाई १६४६. दयाराची वाट सुरू होते ते रैथल गावच सव्वादोन हजारांच्या आसपास आहे आणि वरचं कुरण साडेतीन हजारांच्या घरात. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन दापोलीच्या साधारण दोन तृतीयांश. चढ रायगडापेक्षा सौम्य असूनही डोकं धरतं ते यामुळेच. त्यात वय किंवा दमसास बघितला जात नाही. धडधाकट पोरं घाईने वर जातात आणि तीच आडवी होतात. म्हणून रैथलला एक मुक्काम कराच, जमलं तर दोन. मग वाटेतल्या गोई या मुक्कामाच्या जागेपर्यंत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बुग्याल बघून खाली. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

मेमध्ये सुट्टी असते हे खरं, पण दुपारनंतर ढग येतात, आणि वणवे लागले असले तर धुरात समोरचं बंदरपूंछ शिखर दिसतही नाही. पावसाळ्यात फुलं असतात, पण गंगोत्रीचा रस्ता दरडींचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर पुढे धरालीत अचानक आलेल्या पुराने काय केलं ते आपण पाहिलंच. गणपती आटोपले, नवरात्र झालं की निघा. ऑक्टोबरात बांज-बुरांशच्या (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या) सावलीतून चालता चालता एकदम झाडं संपतात आणि पुढे नुसतं गवत, दिवाळीच्या सुमारास आपला कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं पठार, पिवळा पडतो तसं. फक्त समोर समुद्राऐवजी बंदरपूंछचं ६३१६ मीटरचं बर्फ. ते बाबांना दाखवाच. सकाळी पात्यांवरचं दंव गोठून बुटाखाली करकरतं आणि ऊन आलं की सगळं ओलंचिंब होतं, त्यामुळे पाणी न शिरणारे बूट हवेत.

कुणी थेट बुग्यालवर तंबू ठोकून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवरच्या रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि माझ्या मते ते फार गरजेचं होतं. तिथली माती पातळ. गवत एकदा मुळापासून गेलं की ती जागा वर्षानुवर्षं बोडकी राहते.

तयारीला रायगडाच्या पायऱ्या पुरणार नाहीत. खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून डोंगरावरच्या नागेश्वरला चढून जा, पाठीवर थोडं वजन घेऊन, आणि उतरताना बाबांचे गुडघे काय म्हणतात ते बघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीचंही त्यांनाच विचारा, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.