घरच्या मिग वेल्डिंगला कुठला गॅस आणि केवढा सिलिंडर घ्यावा?

गोव्यात साखळी गावी घरचं गेट आणि खिडक्यांची ग्रिलं स्वतः करायला तुम्ही छोटी मिग मशीन (गॅसच्या आवरणाखाली तारेने वेल्डिंग करणारी) घेतलीत; आता आर्गन की सीओटू (कार्बन डायऑक्साइड), आणि सिलिंडर केवढा, हा तुमचा प्रश्न. मी फोंड्याला घरामागच्या शेडमध्ये हेच काम करतो, म्हणून अनुभवाचं सांगतो.

साध्या लोखंडाला शुद्ध आर्गन नको. त्याने टाका, म्हणजे वेल्डिंगची रेघ, दोरीसारखा वरच्यावर बसतो, कडा धरत नाही. तो ॲल्युमिनियमला आणि टिग या दुसऱ्या प्रकारच्या वेल्डिंगला ठेवा. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत: नुसता सीओटू, नाहीतर आर्गनमध्ये २० ते २५ टक्के सीओटू असलेलं मिक्श्चर. मिक्श्चरने वितळलेल्या लोखंडाचे छर्रे कमी उडतात, पातळ चौकोनी पाइपला भोक पडत नाही. सीओटू खोल जातो, पण छर्रे फार. प्रत्येक टाक्यानंतर ग्राइंडर फिरवावा लागतो. गेटाच्या अँगलला मी सीओटूच घेईन.

कारण तो पुरतो. १० लिटरच्या सिलिंडरात १५० बार दाबाला मिक्श्चर साधारण दीड घनमीटर मावतं. तेवढ्याच सिलिंडरात सीओटू द्रवरूपात साडेसहा किलोच्या आसपास राहतो, म्हणजे साडेतीन घनमीटर गॅस. मिनिटाला १० लिटर धरले तर मिक्श्चर अडीच तास, सीओटू पावणेसहा तास, तेही प्रत्यक्ष टाका चालू असतानाचे. घरच्या कामाला हे खूप झालं.

मात्र सीओटूच्या काट्यावर विसंबू नका. आत द्रव आहे तोवर काटा जवळजवळ हलत नाही, आणि द्रव संपला की भराभर खाली येतो. माझं गेट असंच ऐन चवथीच्या आदल्या दिवशी अर्धवट राहिलं. तेव्हापासून मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतो आणि त्यावर ठोकलेलं रिकामं वजन वजा करतो. रेग्युलेटर सीओटूचाच घ्या, आर्गनचे आटे वेगळे असतात. लांब टाके सलग मारलेत की त्यावर पांढरं दव गोठतं आणि गॅसचा प्रवाह कमीजास्त होतो. तसं काम असेल तर हीटर लावा.

जुना सिलिंडर स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. मी एक घेतला होता. भरायला नेला तर तिथल्या माणसाने मानेजवळचा रंग खरवडून चाचणीची तारीख वाचली. पाच वर्षं कधीच उलटून गेली होती. त्याने तो न भरताच परत दिला. बरोबरच केलं त्याने. म्हणून आधी तारीख वाचा, मग पैसे द्या. आणि आधी विचारून घ्या की जवळचा गॅसवाला कुठला आकार भरून देतो. जो भरून मिळत नाही तो सिलिंडर कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

राहिला वारा. पावसाळ्यात उघड्या सोप्यावर काम केलंत तर गॅस उडून जातो आणि टाक्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. ताडपत्रीचा आडोसा करा, पण खोली बंद करून बसू नका. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, ते खाली साचतात. सिलिंडर उभा ठेवून साखळीने खांबाला बांधा.