पोस्टकार्ड आधी उलटं करून बघ

चित्रांची पोस्टकार्डं जमवायची आहेत ना? मग सुरुवात चित्रापासून नको, मागच्या बाजूपासून कर. मागे मधोमध रेघ नसेल तर कार्ड बहुधा जुनं. पूर्वी तिथे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. पत्त्याशेजारी मजकुराला जागा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये. तेव्हा चित्रावर गिचमिड अक्षर दिसलं म्हणून कार्ड बाजूला टाकू नकोस.

‘हे कार्ड कुठलं?’ याची उत्तरं तीन असतात: चित्रातलं गाव, छपाईचं गाव आणि शिक्क्याचं गाव. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत छापलेली कार्डं जगभर विकली जायची, हिंदुस्थानातली दृश्यंसुद्धा. वहीत तिन्ही वेगळी लिही. कार्डावर काही लिहायचंच तर पेन्सिलीने, हलक्या हाताने. आणि तिकीट सोडवायचं नाही! शिक्क्याचा अर्धा भाग त्याच्यावरच असतो.

नवी कार्डं हवीत तर पोस्टक्रॉसिंग आहे, अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करायचं संकेतस्थळ, २००५ मध्ये पोर्तुगालमधून सुरू झालेलं. तू एका अनोळखी पत्त्यावर पाठवतोस, तुला भलत्याच कुणाकडून येतं. ताजमहालाची कार्डं सगळेच पाठवतात. तू आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचं किंवा सिद्धेश्वर तलावाचं शोध, सोबत गड्ड्याच्या यात्रेबद्दल दोन ओळी लिही.

आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. खिडकीसमोर कार्ड लावलंस की रंग उडालेच. डब्यात उभी ठेव, पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं मात्र टाळ.