मुलीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी रोज पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखवा. नेऊ का?

न्या ताई. आणि हे महिनाभर पुढे ढकलू नका.

तुम्ही लिहिलंय मुलगी अकरावीत, नीटसाठी लातूरला ठेवलेली, दिवाळीला घरी आली आणि आता परत जायचं नाव काढलं की पोट धरून बसते, उलट्या होतात, सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी पण नॉर्मल. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत, दीर म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. आणि तुम्हाला भीती की गोळ्यांची सवय लागेल आणि उद्या लग्नात अडचण येईल. मी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत सोशल वर्कर आहे, डॉक्टर नाही, पण तुमच्यासारखे आईवडील आमच्याकडे नेहमीच येतात, हातात रिपोर्टची जाडजूड फाइल आणि बाजूला खाली मान घातलेलं पोरगं.

पहिली गोष्ट, पोट खरंच दुखतंय. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे ती खोटं बोलते असं नाही, एवढाच अर्थ की आतड्याला जखम, सूज, खडा काही सापडलं नाही. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली असतात, भीती सतत राहिली की आतड्यांची हालचाल बिघडते, मळमळतं, कळ येते. आपल्याला पण परीक्षेच्या दिवशी सकाळी पळावं लागायचंच की, तिला ते रोज होतंय. आणि या वयात डिप्रेशन म्हणजे रडत बसणं असं डोक्यात ठेवू नका, कित्येक मुलं रडतच नाहीत, नुसती चिडचिड करतात, मैत्रिणींचे फोन घेत नाहीत, आवडीचं खात नाहीत. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं की दाखवायचं, हा साधा हिशोब.

आता तिथे काय होतं ते सांगते, कारण निम्मी भीती त्याचीच असते. झोपवून करंट वगैरे काही देत नाहीत, नुसतं बोलतात. परवा एक वडील आले होते, डॉक्टरांनी मुलीला विचारलं झोप येते का, वडील म्हणाले येते, जेवण? व्यवस्थित जेवते. तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले काका, तुम्ही जरा खाली चहा घेऊन या. काका गेले आणि पोरगी बोलायला लागली. म्हणून तुम्हाला बाहेर थांबवलं तर राग मानू नका, तिच्या जिवाला धोका आहे असं काही निघालं तर ते तुम्हाला सांगतातच. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी१२ पण बहुतेक बघतील, कारण ते कमी-जास्त असेल तरी मूड आणि ताकद दोन्ही जाते.

गोळ्यांचं म्हणाल तर प्रत्येकाला लागतातच असं नाही. त्रास फार नसेल तर आधी थेरपी, म्हणजे सायकॉलॉजिस्टबरोबर ठराविक दिवशी बसून विचार आणि भीतीवर काम करणं. त्रास जास्त असेल तर सोबत गोळी, या वयात बऱ्याचदा फ्लुओक्सेटिन देतात. तिची दारूसारखी चटक लागत नाही. फक्त परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र लक्ष ठेवायचं, काही मुलांमध्ये बेचैनी वाढते, मरायचे विचार वाढतात, तसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, ज्या लोक मेडिकलवाल्याकडून टेन्शनची गोळी म्हणून परस्पर आणतात. त्या गोळ्यांना भ्यायचं सोडून लोक फ्लुओक्सेटिनला भितात, काय बोलायचं!

एक प्रश्न तिला स्पष्ट विचारा, "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने असं काही डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. हो म्हणाली तर ओरडू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं आजच कुलपात टाका, ती काही बोलली नसली तरी. रात्री-अपरात्री काही सुचेना झालं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. २०२२ पासून सुरू आहे तरी लोकांना माहीत नाही.

आता खरं सांगायचं ते. तुमच्या प्रश्नात तीनदा आलंय की "जानेवारीपर्यंत परत जाईल ना". ताई, लातूरला परत पाठवणं हा उपचाराचा उद्देश धरू नका. पोरींना हे लगेच कळतं, की मला बरं करतायत ते परत तिथेच टाकायला, मग पोट बरं होईलच कशाला? फी भरलीय, दोन-अडीच लाख गेले असतील, मला कळतं, पण हे वर्ष काय करायचं ते ती जरा सावरल्यावर तिच्यासमोर बसून ठरवा. आणि तिला आजच सांगा की तोपर्यंत लातूरचा विषय बंद. कदाचित ती स्वतःच जाईन म्हणेल, तसंही होतं. नाही म्हणाली तर बारावी घरून पण होते.

लग्नाचं काय, ती सोळा-सतराची आहे हो, आणि ओपीडीतली फाइल गोपनीय असते, कायद्यानेच.

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार ओपीडी असते, वार आधी विचारून घ्या, खाजगीत जायचं तर एमडी सायकिअ‍ॅट्री ही डिग्री किंवा डीपीएम, म्हणजे मानसोपचारातला डिप्लोमा, आहे का बघा. जाताना ती फाइल न्याच, म्हणजे परत एंडोस्कोपी नको. दिरांना नेऊ नका.