सीट स्विचला जंपर मारण्याआधी थांब
अरे भावा, खड्ड्यात उसळलं की बसून चालवायचा मोवर (गवत कापायचं मशीन) बंद पडतो म्हणून सीटखालचा, माणूस उठला की इंजिन बंद करणारा स्विच वायर जोडून डायरेक्ट करायचा म्हणतोयस ना, मीही केलेलं ते, एक सीझन मस्त चाललं आणि मग एकदा सवयीने फांदी उचलायला उतरलो तर खाली ब्लेड फिरतंच होतं!! तेव्हापासून नाही. बहुतेक वेळा स्विच खराब नसतोच रे, कनेक्टर गंजलेला किंवा लूज असतो, आधी तो साफ कर, मग मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघ, म्हणजे स्विचमधून करंट आरपार जातो का ते, गेलाच असेल तर नवीन टाक. ढकलायच्या मोवरच्या हँडलवरचा दाबून धरायचा लिव्हर तर कधीच बांधू नकोस, अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे की तो सोडल्यावर ब्लेड ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. रिव्हर्सचं लॉक (मागे घेताना ब्लेड फिरू न देणारं) कटकटीचं आहे हे मान्य, पण मागे पोरं असतात. आणि डेकखाली, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाखाली, हात घालायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढ, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही.