चांगली पूर्वप्राथमिक शाळा ओळखायची कशी?

साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी तुम्ही तीन शाळा पाहिल्यात, तिन्ही छान दिसतात आणि आता निवड कशावरून करायची, असा तुमचा प्रश्न आहे. मी नऊ वर्षं बालवर्ग सांभाळलाय. माझं ऐकाल तर शाळेचं दिसणं बाजूला ठेवा, वर्ग चालू असताना अर्धा तास कोपऱ्यात बसा आणि नुसतं ऐका.

बाई मुलांना फक्त सूचना देतायत की त्यांच्याशी बोलतायत? ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढंच कानावर पडलं तर सरळ उठा. पण एखादं पोर म्हणालं, “माझा मनोरा पडला,” बाईंनी विचारलं, “अरेच्चा, कशानं पडला?” आणि मग त्या उत्तरासाठी थांबल्या, तर थोडं आणखी बसा. हे थांबणं जमायला वेळ लागतो. एवढ्याशा मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण मध्येच त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. मीही करायचे. पहिल्या वर्षी माझा वर्ग चिडीचूप असायचा, आणि त्याचा मला अभिमान होता! मुलं शिकत नव्हती, मला घाबरत होती.

अशा गप्पांसाठी बाईंना उसंत हवी, म्हणून पट विचाराच. लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या एनएईवायसी या संस्थेचा चार वर्षांच्या मुलांसाठीचा निकष दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि वर्गात फार तर 20 मुलं असा आहे. याच बाई गेल्या वर्षी होत्या का, हेही विचारा. दर चार महिन्यांनी बाई बदलत असतील तर मुलाने जीव लावायचा कुणाला?

शाळा कशी आहे यानं खरंच एवढा फरक पडतो का? अमेरिकेतच मिशिगनमध्ये 1962 साली ‘पेरी प्रीस्कूल’ हा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली 123 मुलं, त्यांपैकी 58 जणांना शाळा मिळाली. रोज सकाळी अडीच तास, पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका, शिवाय आठवड्यातून एकदा ती मुलाच्या घरी जायची. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत ओसरली, पण चाळिशीतही ही मुलं शिक्षण, कमाई, गुन्ह्यांपासून दूर राहणं यांत बाकीच्यांच्या पुढे होती. उलट टेनेसी राज्याच्या सरकारी बालवर्गांत गेलेली मुलं सहावीपर्यंत, न गेलेल्यांपेक्षा मागे पडलेली दिसली. तो अभ्यास 2022 मध्ये छापून आला. तेव्हा ‘कुठल्याही शाळेत घाला, काही बिघडत नाही’ हा सल्ला मी तरी देणार नाही.

भिंतीही वाचा. वीस बदकं, सगळी एकसारखी पिवळी, म्हणजे ती बहुधा बाईंनीच चिकटवलीत. बेढब, जांभळं, तीन पायांचं बदक दिसलं तर मला बरं वाटतं. पेन्सिलची घाई नको. माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं यांतून बोटांत बळ येतं, अक्षरं त्यानंतर. (आजी-आजोबा ‘अजून एबीसीडी येत नाही?’ म्हणतील. म्हणू देत.)

आणि एखादं मूल रडायला लागलं की तिथे काय होतं ते पाहा. कुणी खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं, की लांबूनच “गप्प बस” म्हणतं? वर्गात बसूच दिलं नाही, तर त्या शाळेचं नाव यादीतून काढा.